आप्पांच्या फुफ्फुसासाठी स्टेम सेल: शेत विकून करावं का?

येळ्ळूरची लेक

आमचे आप्पा बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, २७ वर्षं मोल्डर होते, वाळूचे साचे करायचे. वय ६२. दिवसभर वाळूत काम, वर बिडी. तीन वर्षांत दम इतका वाढलाय की घरातून चांगळेश्वरीच्या देवळापर्यंत जाताना दोनदा बसतात. ह्याच माणसानं मला खांद्यावर घेऊन राजहंसगड चढवला होता. आधी टीबी म्हणून सहा महिने गोळ्या झाल्या, थुंकीत कधी काही सापडलं नव्हतं. मग दमा म्हणाले. आता सीटी स्कॅनमध्ये सिलिकोसिस निघालाय, म्हणजे वाळूच्या बारीक धुळीनं होणारा फुफ्फुसाचा आजार, सोबत सीओपीडी, म्हणजे श्वासाच्या नळ्या अरुंद होऊन कायमचा दम लागणारा आजार.

मावसभावानं मोबाईलवर एका मोठ्या शहरातल्या क्लिनिकची जाहिरात दाखवली. मी फोन केला. तिथली बाई म्हणाली, कमरेच्या हाडातून मगज काढतात, त्यातले स्टेम सेल, म्हणजे नवीन पेशी घडवणाऱ्या मूळ पेशी, शिरेतून सोडतात, ते आपोआप फुफ्फुसात जातात आणि नवीन फुफ्फुस तयार करतात. तीन डोस, ३ लाख ६० हजार.

शिवारात आमची १४ गुंठे जमीन आहे, बासमतीची. त्यातले चार गुंठे द्यायचे म्हणून गिऱ्हाईक बघून ठेवलंय. आई म्हणते, देऊया. आप्पा म्हणतात, "शेत इकून श्वास घ्यायचा न्हाय मला." रिपोर्ट इंग्रजीत, दवाखान्यातली पत्रकं कन्नडमध्ये, आणि निवांत मराठीत समजावून सांगणारं कुणी भेटत नाही. फुफ्फुस खरंच परत तयार होतं का? शनिवारपर्यंत गिऱ्हाइकाला सांगायचंय.

नंदगडकर

ताई, शनिवारी त्या माणसाला नाही म्हणून सांगा. कारण पुढे लिहितो, थोडं लांबेल.

मी खानापूर तालुक्यातला. बेंगळुरूला एका प्रयोगशाळेत श्वासनलिकेच्या पेशी वाढवायचं काम करतो. मी डॉक्टर नव्हे, त्यामुळे आप्पांच्या औषधांवर बोलणार नाही.

फुफ्फुस स्वतःची डागडुजी करतं, हे खरं आहे. श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरात सगळ्यात खाली, तळाला चिकटून, बेसल पेशी असतात. ह्याच तिथल्या स्टेम सेल. वरचं अस्तर खराब झालं की त्या विभागतात आणि दोन मुख्य प्रकारच्या पेशी घडवतात: चिकट स्राव करणाऱ्या, आणि बारीक केसांसारखे तंतू असलेल्या. स्रावात धूळ अडकते आणि तंतू ती घशाकडे ढकलतात. आम्ही ब्रशनं खरवडून आलेल्या बेसल पेशी जाळीवर पसरतो, खालून पोषक द्रव देतो आणि वरची बाजू हवेला उघडी ठेवतो. तीन-चार आठवड्यांत तंतू हलायला लागतात. पहिल्यांदा ते सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तेव्हा मला आमच्याकडचं पोटरीला आलेलं भात आठवलं, वारा सुटला की एका बाजूनं डुलत जातं तसं.

आणखी खोल, जिथं हवा रक्तात मिसळते, तिथं वायुकोश असतात. त्यांचं जवळजवळ ९५ टक्के अस्तर टाइप १ नावाच्या अतिशय पातळ पेशींचं असतं. त्या मेल्या की शेजारच्या टाइप २ पेशी विभागून त्यांची जागा घेतात. ह्या टाइप २ पेशी प्रौढ फुफ्फुसातल्या स्टेम सेल आहेत हे उंदरांमध्ये २०१३ साली नीट दाखवलं गेलं.

मग आप्पांचं फुफ्फुस का भरून येत नाही? वाळूचा बारीक कण वायुकोशात गेला की सफाई करणाऱ्या पेशी त्याला गिळतात. कण पचत नाही, पेशीच मरते, कण पुन्हा मोकळा होतो, मग दुसरी पेशी त्याला गिळते. काम सोडलं तरी आत हे चालूच राहतं. प्रत्येक वेळी सूज येते आणि शेवटी तिथं व्रणासारखी घट्ट गाठ धरते. रोप कितीही चांगलं असलं तरी बांध फुटलेल्या, दगड झालेल्या जमिनीत ते मूळ धरत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. तिथं नुसत्या पेशी सोडून भागत नाही, आधी जमीन पाहिजे. हा प्रश्न जगात अजून कुणी सोडवलेला नाही.

आता क्लिनिकचं. हाडाच्या मगजातल्या पेशी शिरेतून सोडल्या की फुफ्फुसात जातात, हे खरं आहे, कारण शिरेतल्या रक्ताला पहिली बारीक चाळण फुफ्फुसाचीच लागते. तिथं त्या अडकतात आणि बहुतेक काही दिवसांत नाहीशा होतात. त्यांच्यापासून वायुकोश बनत नाहीत. अमेरिकेत सीओपीडीच्या ६२ रुग्णांवर अशा मगजातल्याच, पण प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींची चाचणी झाली, निम्म्यांना खरं औषध आणि निम्म्यांना खोटं. २०१३ साली निकाल आला. अपाय दिसला नाही, पण फुंकायच्या टेस्टमध्ये दोन्ही गटांत फरक पडला नाही.

आशेची बातमीही सांगतो, लपवणार नाही. चीनमध्ये रुग्णाच्याच श्वासनलिकेतून ब्रशनं पेशी काढून, प्रयोगशाळेत वाढवून, दुर्बिणीनं परत त्याच्याच फुफ्फुसात सोडल्या. २०२३ साली मिलानच्या श्वसनरोग परिषदेत त्याचे आकडे मांडले: सीओपीडीचे १७ रुग्ण, सहा मिनिटांत चालायचं अंतर साधारण ४१० मीटरवरून ४४७ वर गेलं. पण ती पहिल्या टप्प्यातली चाचणी, माणसं थोडी, आणि त्यांचा आजार सीओपीडीचा, वाळूचा नव्हे. तरीही मी त्या आकड्यांकडे परत परत बघतो.

आपल्या देशात आयसीएमआर, म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत. रक्ताच्या काही आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं तर बाकी स्टेम सेल फक्त नोंदणीकृत चाचणीतच देता येतात, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. त्या बाईला सीटीआरआयचा, म्हणजे अशा चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक विचारा. दुसरं काही विचारायची गरज पडणार नाही.

जुना मोल्डर

पोरी, मी ३१ वर्षं उद्यमबाग आणि मच्छेला काढली, तुझ्या आप्पांना बहुतेक तोंडावरून ओळखतही असेन. आम्ही सगळे तोंडाला टॉवेल बांधायचो. जाड वाळू अडायची त्यात. बारीक धूळ, जी मारते, ती टॉवेलातनं सरळ आत जाते, आणि हे आम्हाला कुणीसुद्धा सांगितलं न्हाय. नॉकआउटला, म्हणजे ओतलेला माल काढायला, वाळूची पेटी फोडली की समोरचा माणूस दिसायचा न्हाय, आम्ही त्यात उभारून डबा खायचो.

मी दुसरंच विचारतो. कागदावर 'सिलिकोसिस' असं लिहून घेतलंस काय? माझ्या सोबतचे चौघे गेले, चौघांच्याही कागदावर टीबी नाहीतर दमा. सिलिकोसिस हा कामातनं होणारा रोग म्हणून कायद्यात नोंद आहे, ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या, यादीत पण आहे. आप्पांचा ईएसआय नंबर, हजेरीची, पगाराची जुनी पत्रं, जे काय ट्रंकेत असंल ते काढ. कंपनी बंद पडली असली तरी काढ. चार गुंठे विकायच्या आधी हक्काचं माग.

निपाणीची सून

माझ्या सासूबाईंनी ४० वर्षं बिड्या वळल्या आणि सासरे त्याच ओढत बसायचे. दोघांनाही खोकला. सासरे म्हणतात, आता ६६ व्या वर्षी सोडून काय उपयोग, जळायचं ते जळलं. नंदगडकर दादा, त्यांना काय सांगू?

नंदगडकर

काकी, ह्याचं उत्तर देताना मला खरंच आनंद होतोय. २०२० मध्ये लंडन आणि केंब्रिजजवळच्या संशोधकांनी १६ माणसांच्या श्वासनलिकेतल्या पेशींचे जीन एकेक करून वाचले. ओढणाऱ्यांच्या बहुतेक पेशींत हजारो बिघाड. पण ज्यांनी सोडली होती त्यांच्यात २० ते ४० टक्के पेशी कधीच न ओढणाऱ्यांसारख्या निघाल्या. अशा धडधाकट पेशी ओढणं चालू असलेल्यांपेक्षा चौपट होत्या. त्यातल्या काहींनी तीस-चाळीस वर्षं ओढली होती. म्हणजे अस्तराच्या तळाशी काही पेशी धुरातून वाचलेल्या असतात आणि धूर थांबला की त्याच वाढून जागा घेतात. फुटलेले वायुकोश परत येत नाहीत, पण नळीचं अस्तर सावरतं. जळलं ते सगळं जळलेलं नसतं, हेच मामंजींना सांगा.

ताई, आप्पा अजून बिडी ओढतात का? तुम्ही 'वर बिडी' एवढंच लिहिलंत.

येळ्ळूरची लेक

ओढतात. चार-पाच. परसात जाऊन, आम्हाला दिसू नये म्हणून.

काल फोन केला. नोंदणी क्रमांक विचारला तर बाई म्हणाली, "सरांशी बोलून सांगते," आणि नंतर तीन वेळा केला तरी उचलला नाही. गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवलं. आई रात्रभर रडली, तिला वाटतंय आम्ही आप्पांसाठी काहीच करत नाही.

ट्रंक उघडली. ईएसआयचं कार्ड आहे, कडा वाळवीनं खाल्ल्यात पण नंबर वाचता येतो. १९९८ ते २००४ च्या पगाराच्या पावत्या आहेत. मोल्डरकाका, कुठं आणि कुणाकडे जायचं ते मला सांगा, मी कामावर सुट्टी टाकते.

दादांनी लिहिलेलं सगळं आप्पांना मोठ्यानं वाचून दाखवलं. पेशी भातासारख्या डुलतात तिथं त्यांनी मला थांबवलं आणि परत वाचायला लावलं. मग विचारलं, "माझ्यात अजून हाईत म्हणतोस काय त्या?" मी म्हटलं, नळीत तरी असतील आप्पा, धूर थांबला तर. काही बोलले नाहीत. आज सकाळी परसात गेले नाहीत. संध्याकाळचं अजून माहीत नाही.