शब्दचर्चा : हैतीचं 'बंड', 'उठाव', 'स्वातंत्र्ययुद्ध' की 'क्रांती'?

शाईदौत :
एका दिवाळी अंकासाठी हैतीवर लेख लिहिते आहे. १७९१ ते १८०४ या काळात सँ-दोमिंग या फ्रेंच वसाहतीत, म्हणजे आजच्या हैतीत, जे घडलं, त्याला मी 'हैतीची राज्यक्रांती' म्हटलं होतं. संपादकांनी तिथे 'गुलामांचे बंड' असं केलंय. पण फ्रान्समध्ये १७८९ ला झाली ती 'राज्यक्रांती', अमेरिकेचं ते 'स्वातंत्र्ययुद्ध' आणि हैतीचं तेवढं 'बंड', ही वाटणी मला पटत नाही. जाणकारांनी सांगावं.

रुमालातला कागद :
'बंड' म्हटलं की समोरची सत्ता रास्त आहे हे आपण बोलायच्या आधीच मान्य करून टाकतो. बंड माजतं, बंड मोडलं जातं. ही क्रियापदं सरकारी बाजूची आहेत. १८५७ बद्दल 'शिपायांचं बंड' म्हणू नये यासाठी मराठीत केवढं रान उठलं! तोच न्याय हैतीला का नको?

घटना नीट पाहा. ऑगस्ट १७९१ मध्ये उत्तरेच्या मैदानातले उसाचे मळे पेटले, तेव्हा त्या वसाहतीत सुमारे ५ लाख माणसं गुलामीत होती. दोन वर्षांत तिथे आलेल्या फ्रेंच आयुक्तांना गुलामी रद्द झाल्याचं जाहीर करावं लागलं आणि ४ फेब्रुवारी १७९४ ला पॅरिसच्या कन्व्हेन्शनने (क्रांतीनंतरच्या संसदेने) तोच निर्णय साऱ्या फ्रेंच वसाहतींसाठी घेतला. मानवी हक्कांचा जाहीरनामा १७८९ चा. मळ्यांतल्या माणसाला तो लागू व्हायला पाच वर्षं लागली, आणि तेही त्याने कोयता उचलल्यावर. नेपोलियनने १८०२ मध्ये पुन्हा गुलामीच्या बाजूने कायदा केला, फौज पाठवली. नोव्हेंबर १८०३ मध्ये व्हर्तिएरला ती फौज हरली आणि १ जानेवारी १८०४ ला हैतीच्या फौजेचा सेनापती देसालिनने स्वातंत्र्य पुकारलं. मालक गेले, कायदा बदलला, देशाचं नावही बदललं. एवढं होऊनही जी क्रांती ठरत नाही, ती मग कुणाची असली म्हणजे ठरते?

उंबरठा :
कागद यांच्याशी सहमत. भर एवढीच, की हा प्रश्न इतिहासकारांनाही उशिरा पडला. सी. एल. आर. जेम्स यांनी १९३८ मध्येच हैतीला फ्रेंच क्रांतीच्या बरोबरीने उभं केलं होतं. तरीही पुढे आर. आर. पामर यांनी अटलांटिकच्या दोन्ही काठांवरच्या लोकशाही क्रांत्यांचा मोठा द्विखंडी इतिहास लिहिला, त्यात हैतीला जेमतेम जागा मिळाली. हैतीचेच मिशेल-रोल्फ त्रुयो यांनी १९९५ मध्ये यावर नेमकं बोट ठेवलं : गुलाम स्वतःहून, स्वतःच्या विचाराने राज्य उलथवतील ही गोष्ट त्या काळच्या युरोपियनांना कल्पनेतच बसत नव्हती. म्हणून ती घडत असतानाही तिला दंगा, कुणीतरी दिलेली फूस, मळेवाल्यांची चूक अशी नावं मिळत गेली. आपलं 'गुलामांचे बंड' तिथूनच आलंय, असं मला वाटतं.

मात्र 'स्वातंत्र्ययुद्ध' हा शब्दही जपून वापरा. १७९१ ला कुणी वेगळा देश मागत नव्हतं. राजाने आठवड्यातून तीन दिवस सुट्टी दिली आहे आणि मळेवाले ती दडवताहेत, अशी वदंता होती. उठलेले कित्येक जण राजाचंच नाव घेत होते. उठावातून पुढे आलेला नेता तुसँ लूव्हेर्त्यूर याच्या १८०१ च्या राज्यघटनेतही ही वसाहत फ्रेंच साम्राज्याचा भाग आहे, फक्त तिचे कायदे वेगळे, असंच म्हटलंय. तिथली माणसं जन्मतात, जगतात आणि मरतात ती 'स्वतंत्र आणि फ्रेंच' म्हणून! स्पॅनिश अमेरिकेतही तेच. १८०८ ला नेपोलियनने स्पेनचा राजा पदच्युत केला, तेव्हा तिकडच्या शहरांत समित्या झाल्या त्या त्याच राजाच्या, फर्नांदोच्या, नावाने. १८१२ च्या कादिझच्या राज्यघटनेने तर दोन्ही गोलार्धांतल्या स्पॅनिशांचं मिळून एकच राष्ट्र मानलं. आधी साम्राज्याला तडे गेले, राष्ट्रं मागाहून आकाराला आली, असं आज बरेच अभ्यासक म्हणतात. 'स्वातंत्र्ययुद्ध' म्हटलं की शेवट आपण सुरुवातीलाच लिहून टाकतो.

मांडवीकाठ :
गोव्यातलं उदाहरण देतो. कांदोळीच्या पिंटो घराण्याशी जोडलेलं १७८७ चं प्रकरण आमच्याकडे 'पिंटोंचं बंड' किंवा 'उठाव' म्हणून सांगतात. गोंयकार पाद्रींना वरच्या जागा नाकारल्या जात, हे त्यामागचं मोठं कारण. खरं तर उठाव झालाच नाही, बेत आधीच फुटला. १७८८ मध्ये १५ जणांना फाशी झाली. म्हणून मी 'कट' म्हणेन. पण ध्यानात ठेवा, हे पॅरिसचा बास्तीय तुरुंग पडण्याच्या, म्हणजे फ्रेंच क्रांतीच्या, दोन वर्षं आधीचं आहे. पॅरिसहून ठिणगी येण्याची वाट गोव्याने पाहिली नव्हती.

१७८९ ला ब्राझीलच्या मिनास जेराइसमध्ये असाच कट फुटला. त्याला पोर्तुगीजमध्ये 'इन्कॉन्फिदेन्सिया' म्हणतात. त्याला आपल्या कागदपत्रांतला शब्द तंतोतंत बसतो : फितुरी. धन्याशी बेइमानी. या कटापायी १७९२ ला फाशी गेलेल्या तिरादेंतिसचा दिवस, २१ एप्रिल, आज ब्राझीलमध्ये राष्ट्रीय सुट्टी आहे, आणि नाव मात्र तेच, दरबाराने दिलेलं.

रुमालातला कागद :
मग 'क्रांतियुग' या शब्दाचंही बघायला हवं. १७८१ ला अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात यॉर्कटाउनला शरण गेलेला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस १७८६ ला गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला आला, १७९३ ला त्याने बंगालमध्ये कायमधारा (जमिनीचा सारा कायमचा ठरवणारी पद्धत) लावला. २३ सप्टेंबर १८०३ ला जालना जिल्ह्यातल्या असईला इंग्रजांकडून शिंदे-भोसल्यांचा पराभव झाला. व्हर्तिएरची लढाई त्यानंतर दोन महिन्यांच्या आत! शिंद्यांच्या कवायती पलटणींवरचे फ्रेंच अधिकारी हा गव्हर्नर जनरल वेलस्लीने युद्धासाठी पुढे केलेल्या कारणांपैकी एक. १८१८ ला पेशवाई गेली. त्या दशकांत हैती सुटत होतं आणि आपण अडकत होतो. निव्वळ 'क्रांतियुग' म्हटलं तर यातला अर्धा भाग दिसेनासा होतो.

शाईदौत :
मनापासून आभार. 'राज्यक्रांती'तलं 'राज्य' काढते, कारण बदल केवळ राज्याचा नव्हता. मथळा 'हैतीची क्रांती', १७९१ साठी 'उठाव', १८०२-०३ साठी 'स्वातंत्र्ययुद्ध'. 'बंड' फक्त मळेवाल्यांच्या तोंडी.

अजून एक शब्द अडलाय. १८२५ मध्ये फ्रान्सने आरमार पाठवून हैतीकडून १५ कोटी फ्रँक कबूल करून घेतले, मळेवाल्यांच्या बुडालेल्या मालमत्तेपोटी. पुढे १८३८ ला ते ९ कोटींवर आणले. सगळीकडे 'नुकसानभरपाई' असंच लिहितात. मी 'खंडणी' लिहू का?

उंबरठा :
लिहा. पहिला हप्ता भरायला हैतीला फ्रेंच बँकांकडूनच कर्ज काढावं लागलं, हेही त्याच वाक्यात येऊ द्या.

मांडवीकाठ :
खंडणी धन्याच्या तिजोरीत जाते, ही रक्कम मळेवाल्यांसाठी होती, एवढाच फरक. पण बंदरात तोफा रोखून घेतलेल्या पैशाला 'भरपाई' म्हणवत नाही. माझंही मत 'खंडणी'ला.