शब्दचर्चा: चिक चॉकलेट ‘कैलासवासी’ कसे होतील?

पोटमाळा:
मंडळी, एक शंका आहे. आम्ही जुन्या गाण्यांचे काही वेडे मिळून संगीतकार सी. रामचंद्रांच्या, म्हणजे अण्णा चितळकरांच्या, गाण्यांचा घरगुती टाइपचा कार्यक्रम करतोय आणि त्यातला अर्धा तास निव्वळ चिक चॉकलेटसाठी ठेवलाय. ज्यांना नाव नवीन असेल त्यांच्यासाठी, हे म्हणजे गोव्याचे अँटोनिओ झेवियर वाझ, जन्म १९१६, गाव बार्देसमधलं हळदोणा, जॅझ ट्रंपेट वाजवायचे, ताजमहाल हॉटेलात ह्यांचा बँड असायचा आणि ‘शहनाई’, ‘समाधी’, ‘अलबेला’च्या काळात अण्णांच्या वाद्यवृंदातला मोठा आधार होते. १९६७ साली गेले, जेमतेम पन्नाशी गाठलेली. आता निमंत्रणाचा मजकूर लिहायला घेतला तर पहिल्याच शब्दाला गाडी अडली. ‘कै. चिक चॉकलेट’ असं लिहिलं आणि मलाच हसू आलं, हळदोण्याचा कॅथलिक माणूस कैलासावर काय करणार? ‘स्व.’ चालेल का? आणि खाली ‘श्रद्धांजली’ लिहू का ‘आदरांजली’? शिवाय एकजण म्हणतोय ट्रंपेटला मराठीत तुतारी म्हणा.

मुद्राराक्षस:
ख्रिस्ती माणसासाठी मराठीत ‘ख्रिस्तवासी’ हा चांगला रुळलेला शब्द आहे की. वसईकडच्या, नगरकडच्या मराठी ख्रिस्ती घरांतल्या निधनवार्तांमध्ये सर्रास दिसतो. तसंच मुसलमानांसाठी पैगंबरवासी, वारकऱ्यांसाठी वैकुंठवासी. कै. हे मुळात शंकराच्या घरचं, पण आपण ते सरसकट सगळ्यांना लावत सुटलो. ‘दिवंगत’ बरा वाटतो कारण त्यात कुठल्या देवाचं नाव नाही, पण फोड केलीत तर दिवं गत, म्हणजे तोही स्वर्गातच गेलेला. ‘स्व.’ लिहा की दिवंगत लिहा, मुक्काम एकच.

पण माझा प्रश्न वेगळाय. काही लावायचंच कशाला? कै. बालगंधर्व असं आज कोण लिहितं? पहिली काही वर्षं, म्हणजे वर्तमानपत्रात फोटो येतो तोवर, त्या कै.ला अर्थ असतो, ती बातमी असते. पुढे माणूस नुसत्या नावाने ओळखला जायला लागला की कै. आपोआप गळून पडतो. १९६७ला गेलेल्या माणसाला आज कै. लावणं म्हणजे तो अजून नावाने ओळखला जात नाही ह्याची कबुलीच झाली. नुसतं ‘चिक चॉकलेट (१९१६–१९६७)’ छापा, कंसातले आकडे सगळं सांगतात.

आंबटगोड:
अंजलीबद्दल. श्रद्धांजली ही ताज्या दुःखाची, शोकसभेतली, दोन मिनिटं उभं राहण्याची. इतक्या वर्षांनी गाणी वाजवून जी वाहतात ती आदरांजली. अर्थात आजकाल स्वरांजली, सुरांजली, नृत्यांजली असं काय वाट्टेल ते निघतं, तुम्ही ट्रंपेटांजली काढलीत तरी कोणी चकार शब्द काढणार नाही. फक्त तिलांजली वाहू नका म्हणजे झालं. आणि माणूस हयात असेल तर अंजली कुठलीच नाही, तिथे मानवंदना. बघा ना, ‘अमर अकबर अँथनी’मधलं माय नेम इज अँथनी गोन्साल्विस हे १९७७चं गाणं प्यारेलालनी आपल्या व्हायोलिनच्या गुरूंचं नाव घेऊन केलं, ते गुरू म्हणजे माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, आणि ते गेले २०१२ला. तरी व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पोस्टी त्या गाण्याला बिनधास्त ‘श्रद्धांजली’ म्हणतात. अरे पस्तीस वर्षं आधीच मारलात की त्यांना.

आणि कृपा करून निवेदनात ‘अवलिया’, ‘हरहुन्नरी’ आणि ‘न भरून येणारी पोकळी’ नको. अवलिया म्हणजे मुळात संत, वली शब्दाचं अरबी अनेकवचन, आपण तो केस वाढवलेल्या कोणालाही लावतो. ‘काळाच्या पडद्याआड गेले’ हे तर काल गेलेल्यासाठी असतं.

हळदोणेकर:
गावचं नाव वाचून आलो :) आमच्याकडे कोंकणीत माणूस गेला की ‘अंतरलो’ म्हणतात. मराठीतही अंतरणे आहेच, पण तुमच्याकडे ‘मी त्याला अंतरले’ म्हणजे अंतर पडलं ते मागे राहिलेल्यांना, आमच्याकडे जो गेला तोच अंतरतो. मला आमचा जास्त आवडतो, त्यात कैलास नाही वैकुंठ नाही, फक्त लांब गेला एवढंच. निमंत्रणात नका घालू पण, पुण्यातले लोक छपाईची चूक समजतील.

तुतारीचं मात्र विसरा. तुतारी वाकडी, तिला चाव्या नाहीत, ती मोजकेच सूर देते आणि ती लग्नात नाहीतर मिरवणुकीत फुंकायची. ट्रंपेटला तीन चाव्या, त्या दाबून सगळे कोमल-तीव्र निघतात, म्हणून तर त्यावर जॅझ वाजतो. आणि २०२४च्या लोकसभेला ‘तुतारी वाजवणारा माणूस’ आणि ‘ट्रंपेट’ ह्या दोन चिन्हांचा जो गोंधळ झाला तो आठवतोय ना? ट्रंपेटला तुतारी म्हटलं म्हणून भांडणं झाली, पेपरवाले त्याला पिपाणी म्हणायला लागले. तेव्हा पत्रिकेवर ‘सुप्रसिद्ध तुतारीवादक’ छापलंत तर लोक प्रचारसभा समजून येतील.

एक गोष्ट शब्दाच्या निमित्ताने सांगतो. गोव्यात चर्चच्या शाळेत संगीत शिकवणाऱ्याला ‘मेस्त’ म्हणायचे. पोरांना आधी सा रे ग म च्या जागी दो रे मी, मग कागदावरचे सूर वाचणं, मग व्हायोलिन नाहीतर कॉर्नेट, म्हणजे ट्रंपेटचा धाकटा भाऊ. घरात खायला असो नसो, नोटेशन वाचता यायचं. हीच पोरं मुंबईला आली, धोबीतलावच्या जेर महालात किंवा आसपास आपापल्या गावाच्या ‘कुडी’त उतरली, कूड म्हणजे गाववाल्यांचा क्लब, खाटेपुरती जागा आणि ट्रंकेपुरती भिंत, आणि तिथून रात्री हॉटेलांत, दिवसा स्टुडिओत. सिनेमातला संगीतकार पेटीवर चाल बांधायचा आणि ती कागदावर उतरवून कोणत्या वाद्याने काय वाजवायचं हे लिहायचा आमचा एखादा गोंयकार. त्याला तुमच्या भाषेत काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

तिसरी_घंटा:
इथेच खरी गोम आहे, कै.चं काय एवढं घेऊन बसलात. त्या काळच्या श्रेयनामावलीत ह्या लोकांच्या नावापुढे ‘असिस्टंट’ असायचं, तेही नाव आलं तर. आपण त्याचं भाषांतर केलं ‘साहाय्यक’, आणि मराठीत साहाय्यक म्हटलं की डोळ्यासमोर फाइली उचलणारा माणूस येतो. काहीजण ‘साजिंदे’ म्हणतात, म्हणजे साथीला बसलेले. दोन्ही चूक. मराठीत ‘संगीत संयोजक’ असा चांगला शब्द आज नाटकाच्या जाहिरातीत, सीडीच्या कव्हरवर सगळीकडे आहे, तो मागे नेऊन लावायला काय हरकत आहे? सॅबॅस्टियन डिसोझांनी ओ. पी. नय्यर आणि शंकर-जयकिशनसाठी जे केलं ते संयोजन. चिक चॉकलेटनी अण्णांसोबत जे केलं त्यातही ते होतंच, पुढे मदन मोहनकडेही ते होते.

शिवाय चिक चॉकलेट स्वतः संगीतकारही होते हो, १९५१चा ‘नादान’ आणि १९५२चा ‘रंगीली’ त्यांचे. ‘नादान’ म्हणजे देव आनंद मधुबालाचा, काही आलतूफालतू सिनेमा नाही. ‘अलबेला’त तर त्यांचा अख्खा बँड झालरीवाले शर्ट घालून पडद्यावर दिसतो, भगवानदादा नाचतायत आणि मागे हे. तेव्हा पत्रिकेत ‘ट्रंपेटवादक, संयोजक आणि संगीतकार’ असं तिन्ही लिहा, जागा कमी पडली तर आपल्या मंडळाचं नाव बारीक करा.

पोटमाळा:
हे पटलं. ‘भारताचे लुई आर्मस्ट्राँग’ (तो अमेरिकेचा जॅझ ट्रंपेटवाला) ही ओळ ठेवू का? त्यांना तसं म्हणायचेच, घोगऱ्या आवाजातलं गाणंसुद्धा त्याच वळणाचं.

मुद्राराक्षस:
अमक्याचा तमका ही आपली जुनी खोड. महाबळेश्वर महाराष्ट्राचं काश्मीर, कालिदास भारताचा शेक्सपिअर, जो हजारएक वर्षं आधी होऊन गेला बिचारा. ह्यात ज्याला गौरवायचं तो कायम दुसऱ्याच्या मापाने मोजला जातो. पण इथे एक फरक आहे, चिक चॉकलेटनी ते माप स्वतः होऊन घेतलं होतं, तेव्हाच्या हॉटेलांना आर्मस्ट्राँगसारखा वाजवणारा हवा होता आणि ह्यांना ते येत होतं. म्हणून ओळ ठेवा, पण ‘म्हणून ओळखले जायचे’ असं लिहा, ‘होते’ नको. आणि लगेच खाली असं काहीतरी जे आर्मस्ट्राँगने कधी केलं नाही. त्याने काही ‘गोरे गोरे ओ बांके छोरे’च्या आजूबाजूला लॅटिन ठेका आणि ब्रास, म्हणजे पितळी वाद्यं, बसवून पुणतांब्याच्या चितळकरांसोबत काम केलं नव्हतं.

आंबटगोड:
कोणी लक्ष दिलं का माहीत नाही पण ह्या धाग्यात सगळे ‘वाजवायचे’, ‘होते’ असं आदरार्थी लिहितायत आणि मला ते वाचताना जरा अवघडल्यासारखं होतंय. किशोर गातो, लता गायची, आपण आवडत्या माणसाला एकेरीच म्हणतो ना. चिक वाजवायचा. ह्यात जास्त माया नाही का?

तिसरी_घंटा:
किशोरला एकेरी म्हणताना तो मोठा आहे हे ऐकणाऱ्याला आधीपासून माहीत असतं, म्हणून ती माया वाटते. ह्या लोकांना आयुष्यभर एकेरीच मिळालं, संगीतकार अण्णा, दादा, साहेब आणि बँडवाला नुसता ‘चिक’, ‘जो’, ‘सॅबी’. तुम्ही घरी काय म्हणायचं ते म्हणा, स्टेजवरून मात्र ‘वाजवायचे’.

हळदोणेकर:
आमच्या कोंकणीत बहुतेक एकेरीच, देवाला पण. तरी पत्रिकेवर तिसरी_घंटाशी सहमत. बाकी जॅझ लिहिणार का जाझ, त्यावर अजून कोणी भांडलं नाही हे नवल.

आंबटगोड:
जॅझ. जाझ म्हटलं की मला जाजम आठवतं.