दिग्गजाची मैफल जशीच्या तशी उभी करावी का? (गीतरामायणाच्या निमित्ताने)

मध्यलय

रामनवमी जवळ आली की ‘गीतरामायण, बाबूजींच्या शैलीत’ अशा जाहिराती झळकू लागतात. गायक आजचा, गाणी गदिमांची (ग. दि. माडगूळकरांची), चाली बाबूजींच्या, म्हणजे सुधीर फडक्यांच्या आणि बैठकही तीच: गायकासमोर पेटी, बाजूला मोजकी साथ, एकाच आवाजात सगळी पात्रं. मला आक्षेप घ्यायचा आहे तो ‘शैलीत’ या शब्दावर. बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ ‘आवाजात’ असा होतो आणि गाण्याचं नुकसान तिथून सुरू होतं.

बाबूजींच्या आवाजाला एक किंचित अनुनासिक झाक होती. नक्कल करणारा सर्वात आधी ती उचलतो, कारण ती सर्वात आधी ऐकू येते. ती आणायची म्हणून आवाज नाकात दाबला की म, न, ण यांचा घुमारा शेजारच्या स्वरांवरही सांडतो आणि मोकळा ‘आ’सुद्धा ‘आँ’ होऊन बसतो. जो गायक शब्दांच्या स्वच्छतेसाठी ओळखला गेला, त्याच्या नावाने शब्दच मळकट व्हावेत याचं वाईट वाटतं.

घ्यायची असेल तर त्यांची श्वासाची जागा घ्या. ‘पराधीन आहे जगती पुत्र मानवाचा’ ही ओळ बघा. श्वास ‘जगती’नंतर घेतला तर अर्थ शाबूत राहतो. ‘पुत्र’नंतर घेतला की ‘मानवाचा’ लोंबकळत राहतो, आणि ओळ कशाबद्दल आहे तेच हरवतं. दम कमी पडतो म्हणून श्वास कुठेही घेणारे कमी नाहीत. अशा वेळी लय किंचित वर घ्यावी, नाहीतर आधीच्या ओळीचा शेवटचा स्वर आखूड करून श्वास साठवावा. शब्दांच्या जोडीत सुरी घालू नये.

कुमार गंधर्वांनी बालगंधर्वांच्या पदांचा कार्यक्रम केला तेव्हा नाव दिलं ‘मला उमजलेले बालगंधर्व’. दोघांचे गळे पूर्ण वेगळे. कुमारांनी आपला गळा लपवला नाही, तरी पद कुठे वळतं आणि शब्द कुठे थांबतो याचा त्यांचा अभ्यास पदोपदी कळतो. माझ्या लेखी मापदंड तो आहे.

कोमल निषाद

नकलेबद्दल सहमत. पण ‘पेटी, मोजकी साथ आणि एकच आवाज’ हीच बैठक पवित्र, असं जे तुमच्या लिहिण्यात गृहीत आहे ते मला मान्य नाही.

गीतरामायण १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून सुरू झालं आणि पुढच्या वर्षीच्या रामनवमीपर्यंत दर आठवड्याला एक याप्रमाणे ५६ गाणी झाली. रेडिओवर ते एकट्या बाबूजींचं नव्हतंच. सीता माणिक वर्मांच्या आवाजात होती, कौसल्या ललिता फडक्यांच्या. म्हणजे एकाच गायकाने सगळं गायचं ही मंचाची सोय होती आणि ती खुद्द संगीतकाराने केली. पहिलं रूपांतर त्यांचंच! मग आज कुणी बासरी, सतार आणि चार जणांचा कोरस घेऊन उभा राहिला तर तो मूळ रूपाच्या जास्त जवळ जातो, असंही म्हणता येईल. ‘जसंच्या तसं’ म्हणजे कोणतं, हे आधी ठरवा: १९५५ चं की नंतरच्या बैठकीचं?

मध्यलय

प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर: बैठकीचं. कारण ते रूप संगीतकाराने शेकडो कार्यक्रमांत घासूनपुसून पक्कं केलं. रेडिओवर पात्र बदललं की आवाज बदलायचा, श्रोत्याला कष्ट नव्हते. बैठकीत तोच भेद फक्त उच्चाराच्या वजनावर उभा करायचा असतो. बायकी आवाज न काढता ‘राम जन्मला ग सखी’ स्त्रियांचं वाटतं, याचं श्रेय त्या ‘ग’ला आहे. तो हलका, जवळचा, कानाशी बोलल्यासारखा पडला पाहिजे. त्यावर जोर दिला की हाक होते आणि गाणं अंगणातून थेट व्यासपीठावर जातं. कोरस आणला की ही कारागिरी करायची गरजच उरत नाही.

काळी दोन

दोन गायकांची बैठक करायची असेल तर कोमल निषाद यांनी आधी पट्टीचं गणित सोडवावं. पुरुष काळी एकमध्ये (पेटीवरची पहिली काळी पट्टी हा त्याचा सा) आणि स्त्री काळी चारमध्ये गात असेल तर पेटीला अडचण नाही, सा बदलून वाजवता येतं. पण काळी एकचा तबला साधारण साडेपाच इंची पुडीचा (पुडी म्हणजे वरचं चामडं), तो काळी चारपर्यंत ओढत नेला तर आवाज कोरडा पडतो आणि पुडी फाटायची भीती. म्हणजे दुसरा तबला आला, दुसरा तानपुरा आला. एका पट्टीतली गाणी एकत्र करावीत तर कथेचा क्रम मोडतो. कौसल्येनंतर राम, रामानंतर सीता असा हा क्रम आहे. दर गाण्याला तबला बदला, तानपुरा बदला, दोन-दोन मिनिटं शांतता. १८ गाण्यांत अर्धा तास त्यातच गेला.

यावर एक तोडगा आहे. पुरुष काळी एकमध्येच ठेवा आणि स्त्रीचा सा त्याच्या मध्यमावर (‘म’वर), म्हणजे काळी तीनवर घ्या. काळी एक हा काळी तीनचा पंचम (‘प’), त्यामुळे षड्जात (‘सा’त) लावलेला तोच तबला तिच्यासाठी पंचमात लागलेला ठरतो आणि बदलावा लागत नाही. इलेक्ट्रॉनिक तानपुरा फक्त फिरवायचा. किंमत एवढीच, की एरवी काळी चारमध्ये गाणाऱ्या गायिकेला दोन पट्ट्या खाली यावं लागतं. मंद्रातल्या, म्हणजे खालच्या सप्तकातल्या जागा तपासल्याशिवाय हे ठरवू नये. ज्या गाण्याचा मुखडा सर्वात खाली उतरतो आणि ज्याचा अंतरा सर्वात वर जातो, ती दोन्ही लागोपाठ गाऊन बघायची आणि मगच पट्टी पक्की करायची.

आणखी एक. ‘मूळ पट्टी, मूळ लय’ म्हणून लोक जुन्या ध्वनिमुद्रणाच्या प्रतींवर मोजमाप करतात. टेप सुमारे ६ टक्के जास्त वेगाने फिरली की सूर एक पट्टी वर जातो आणि लयही तेवढीच वाढते. प्रतीची प्रत झालेल्या ध्वनिमुद्रणांत असा फरक सहज येतो. पेटीशी ताडून पाहा. सूर दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी लागत असेल तर वेग बिघडला आहे असं समजा आणि त्या लयीवर विसंबू नका.

भूपाली

मला मध्यलय यांच्याहून कडक बाजू घ्यायची आहे. हुबेहूब पुनर्निर्मिती हा स्वतंत्र आणि प्रतिष्ठित प्रकार आहे. २३ एप्रिल १९६१ ला न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये जूडी गारलंड यांनी केलेला कार्यक्रम अमेरिकेत दंतकथा होऊन बसला. त्याच सभागृहात जून २००६ मध्ये रुफस वेनराइट या गायकाने ती अख्खी मैफल पुन्हा उभी केली. गाणी तीच, क्रम तोच, साथीला मोठा वाद्यवृंद. पुढच्या वर्षी त्याची ध्वनिमुद्रिकाही आली. गारलंड यांचा आवाज त्याने काढला नाही, काढणं शक्यही नव्हतं. पण कार्यक्रमाचा सांगाडा त्याने जपला. एका गाण्यानंतर दुसरं का येतं, ताण कुठे चढतो, कुठे सैल होतो, हे अशा शिस्तीशिवाय कळत नाही.

आपल्याकडे ही शिस्त कोण पाळतं? ५६ गाणी, सरासरी सात मिनिटं धरली तरी साडेसहा तास होतात, निवेदन वेगळंच. म्हणून तीन तासांत १६ ते २० गाणी निवडतात, हे समजू शकते. पण निवड टाळ्यांवर होते. लोकप्रिय गाणी एकापाठोपाठ एक, मधले दुवे गायब. दशरथाला पायसदान होतं ते भीमपलास रागातलं गाणं वगळून थेट रामजन्मावर उडी मारली की तिथला मांड राग नुसता गोड लागतो. आधीच्या भीमपलासाच्या गंभीर पार्श्वभूमीवर तो उजळतो. भूप रागातल्या पहिल्या गाण्यापासून भैरवीतल्या शेवटच्यापर्यंत हा एक प्रवास आहे, त्यात मधलं स्टेशन गाळताना काय गेलं हे माहीत हवं.

कोमल निषाद

कार्नेगी हॉलच्या उदाहरणात माझाच मुद्दा लपलाय, भूपालीताई. स्त्रीची मैफल पुरुषाने केली, म्हणजे सर्वात ठळक गोष्टच बदलली आणि तरीही तुम्ही तिला पुनर्निर्मिती म्हणताय. मग मी कौसल्येसाठी गायिका आणली तर ती मोडतोड कशी?

भूपाली

कारण त्याने गायक बदलला, संहिता बदलली नाही. तुम्ही गायिका आणा, माझी हरकत नाही. पण ती आणल्यावर गाण्यांमध्ये दोघांचे संवाद, मग दोघांचं युगुलगान, मग सिंथेसायझरचा पट्टा, असं एकेक येत जातं. हरकत त्याला आहे.

पडद्यामागे

ध्वनिव्यवस्थेच्या बाजूने. शब्द कळण्यासाठी लागणारी व्यंजनं मुख्यतः २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात ऐकू येतात. सिंथेसायझरचे व्हायोलिनसारखे लांब सूर सतत त्याच पट्ट्यात पसरलेले असतात. मग गायकाचा आवाज वाढवा, तो वाढवला की मॉनिटरमधून (गायकाकडे तोंड केलेल्या स्पीकरमधून) शिट्टी, म्हणून पुन्हा कमी, आणि शेवटी ‘शब्द कळले नाहीत’ ही तक्रार ध्वनिवाल्याच्या माथी. वाद्यं वाढवायचीच असतील तर सिंथेसायझरचा तो पट्टा ३ ते ४ डेसिबलने उतरवा आणि गायकाच्या आवाजावरचा प्रतिध्वनी जेमतेम ठेवा. भजनाला शोभणारा लांब प्रतिध्वनी इथे घातक. एका शब्दाचं शेपूट पुढच्या शब्दावर पडतं.

पेटीचा माईक भात्याच्या बाजूला नको, तिथे हवेची फसफस येते. गायक स्वतः पेटी वाजवणार असेल तर त्याच्या गळ्याच्या माईकमध्येही पेटी शिरतेच. म्हणून पेटीचा वेगळा माईक अगदी बेताने उघडावा.

आणि आयोजकांसाठी: गदिमा १९७७ मध्ये गेले, बाबूजी २००२ मध्ये. आपल्या कायद्यानुसार हक्क निधनानंतर ६० वर्षं राहतात. म्हणजे शब्दांचे हक्क २०३७ अखेरपर्यंत आणि चालींचे २०६२ अखेरपर्यंत. श्रद्धेने केलेला कार्यक्रम असला तरी परवानगी लागते. चित्रफीत इंटरनेटवर चढवणार असाल तर तीही परवानगीत धरून मागा, नंतर चित्रफीत उतरवायची वेळ येते.

मध्यलय

पडद्यामागे यांचा मजकूर प्रत्येक आयोजकाने छापून भिंतीला लावावा.

कोमल निषाद, मी एक पाऊल मागे येतो. गायिका असावी. काळी दोन यांचा मध्यमाचा तोडगा वापरून बैठकही साधी राहू शकते. माझी अट आता कडव्यांबद्दल आहे. बऱ्याच गाण्यांत सगळ्या कडव्यांची चाल एक नाही. पहिलं कडवं पाठ करायचं आणि उरलेली त्याच चालीत ओतायची, हा सर्रास चाललेला प्रकार आहे. ‘पराधीन’सारख्या लांब गाण्यात तर ऐकणाऱ्याला चौथ्या कडव्यालाच कंटाळा येतो, आणि दोष गाण्याच्या लांबीला दिला जातो.

काळी दोन

यावर उपाय साधा आहे. वहीत प्रत्येक कडव्यासमोर त्याच्या चालीचा आकडा लिहायचा. पहिल्या चालीला १, वेगळी आली की २. पेटी वाजवणाऱ्याकडे तीच वही. वेळ कमी असेल तर कडवं गाळताना आकडे बघून गाळा: एकाच आकड्याची दोन असतील तर त्यातलं एक जाईल. ज्या आकड्याचं एकच कडवं आहे ते जाता कामा नये.

कोमल निषाद

आकडा बघून गाळायला माझा विरोध आहे. दोन ओंडक्यांच्या भेटीचं कडवं वहीत कोणत्याही आकड्याखाली येवो, ते गाळून ‘पराधीन’ गाता येत नाही. आधी अर्थ बघा, मग आकडा.