इंजिनाला हात लावावा की नाही? टोयोटा जीटी८६ आणि तिच्यातील बदल

स्टुटगार्टकर (मूळ मुद्दा)

माझ्याकडे २०१३ सालची टोयोटा जीटी८६ आहे आणि सहा वर्षांत तिच्या इंजिनाला मी हात लावलेला नाही, याचे माझ्या ओळखीच्या बहुतेक शौकिनांना नवल वाटते. टोयोटा आणि सुबारू यांनी मिळून काढलेल्या या गाडीत दोन लिटरचे, टर्बो (हवा दाबून भरणारा पंखा) नसलेले, आडव्या सिलिंडरांचे इंजिन असून ते ७००० आरपीएमला (मिनिटाला ७००० फेऱ्यांना) २०० अश्वशक्ती देते. वजन साधारण साडेबाराशे किलो. मालकाने ती आपल्या आवडीप्रमाणे घडवावी हा विचार तिच्या आखणीतच होता, त्यामुळे तिच्यासाठी मिळणाऱ्या सुट्या भागांना अंत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की पैसे खर्च करायचेच असतील, तर ते आधी थांबण्यावर आणि वळण्यावर करावेत आणि वेगाचा विचार सर्वांत शेवटी करावा.

हे शहाणपण मला नूर्बुर्गरिंग या जर्मनीतील शर्यतीच्या ट्रॅकच्या २०.८ किलोमीटर लांबीच्या जुन्या मार्गावर मिळाले. दुसऱ्या फेरीत, एका लांब उतारानंतर ब्रेकचे पेडल नेहमीपेक्षा खोल गेले आणि उरलेली फेरी मी मालवाहू टेम्पोच्या गतीने पूर्ण केली. हिशेब सरळ आहे. चालकासह १३०० किलोची गाडी ताशी १८० किलोमीटरवरून थांबवताना सुमारे १६ लाख ज्यूल ऊर्जा उष्णतेच्या रूपाने ब्रेकमध्ये जाते, आणि ही ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे, इंजिनाची ताकद वाढवून त्याच ठिकाणी आपण २०० ने पोहोचलो तर ब्रेकवरचा भार जवळजवळ पाव पटीने वाढतो. साध्या डॉट ३ ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवे असताना किमान २०५ अंश असतो, पण हवेतील ओलावा शोषल्यावर तो १४० पर्यंत उतरू शकतो, आणि ऑइल उकळले की पेडल असे खोल जाते. मी ब्रेक पॅड बदलले, चांगले ब्रेक ऑइल भरले आणि पकड जास्त असलेले टायर घेतले. एवढ्यात गाडी माझ्या कौशल्यापेक्षा बरीच पुढे गेली.

फ्रेमॉन्टवासी

ब्रेकविषयी वाद नाही. मात्र त्यावरून इंजिन जसे आहे तसेच ठेवावे असा निष्कर्ष काढणे म्हणजे या गाडीच्या सर्वांत मोठ्या उणिवेकडे डोळेझाक करणे होय. ३५०० ते ४५०० आरपीएमच्या दरम्यान या इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, चक्क खाली येतो, म्हणजे जिथे रोजच्या वाहतुकीत ताकद लागते नेमकी तिथेच खळगा आहे. फ्रीवेवर शिरताना तिसऱ्या गिअरमध्ये एक्सेलरेटर दाबावा आणि गाडीने क्षणभर विचार करावा, हा अनुभव प्रत्येक मालकाला असेल. कारण मुख्यतः हवेच्या आणि धुराच्या वाहण्यात आहे, म्हणूनच वेगळ्या घडणीचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या) आणि त्याला जुळणारा रीमॅप (इंजिनाच्या संगणकातील बदल) एकत्र केल्यास खळगा बऱ्याच अंशी भरून निघतो. त्यात आमच्याकडे अमेरिकेत पंपावर मिळणारे ई८५, म्हणजे मुख्यतः इथेनॉलचे, इंधन घातले तर ऑक्टेन जास्त असल्याने ठिणगी लवकर पाडता येते आणि नॉकिंगची (इंधन अवेळी पेटून बसणाऱ्या ठोक्यांची) भीती कमी होते. मायलेज पाव हिश्शाहून अधिक घटते, हे मान्य.

खुद्द टोयोटाने पुढे काय केले ते पाहा. २०२१ मध्ये दाखवलेल्या जीआर८६ मध्ये २.४ लिटरचे इंजिन आले आणि कमाल टॉर्क ६५०० ऐवजी ३७०० आरपीएमलाच मिळू लागला. उत्पादकाने जी चूक स्वतः सुधारली, ती जुन्या गाडीच्या मालकाने सुधारू नये असे म्हणणे मला पटत नाही. नुसता उघडा एअर फिल्टर किंवा मोठा सायलेन्सर लावून ताकद वाढल्याचा आव आणणाऱ्यांविषयी मात्र मी आपल्याच बाजूचा आहे, कारण तो फिल्टर बहुधा बॉनेटखालची गरम हवाच ओढतो आणि वाढतो तो फक्त आवाज.

हडपसरचा गॅरेजवाला

ही गाडी आपल्याकडे विक्रीला आलीच नाही, त्यामुळे मी रोज पाहतो ते रीमॅप केलेल्या टर्बो पेट्रोल हॅचबॅकचे पुढचे हाल. पहिला महिना मालक पिकअपवर खूश असतो. वर्षभरात क्लचप्लेट घसरते, कारण कारखान्याने ती मूळ टॉर्कच्या हिशेबाने दिलेली असते.

टर्बो असलेल्या इंजिनात निदान नुसत्या रीमॅपने ताकद मिळते. जीटी८६ चे इंजिन १२.५ कॉम्प्रेशनचे, म्हणजे सिलिंडरातील हवा साडेबारा पट दाबणारे, आहे आणि एवढ्या कॉम्प्रेशनवर सुपरचार्जर (इंजिनाच्याच ताकदीवर हवा दाबणारा पंप) किंवा टर्बो चढवायचा म्हणजे दाब अगदी बेताचाच ठेवावा लागतो. तो वाढवला की आधी नॉकिंग सुरू होते आणि मग पिस्टनला जोडलेल्या कनेक्टिंग रॉडच्या तग धरण्याचा प्रश्न येतो. मग रॉड बदला, पिस्टन बदला, ऑइल कूलर लावा. ही चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला आहे.

कायद्याचेही सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बेकायदा बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल अपघातानंतर कसा अंगलट येतो, ते मी गिऱ्हाइकांकडून ऐकलेले आहे.

स्टुटगार्टकर

फ्रेमॉन्टवासी, खळगा मलाही जाणवतो. मी एक गिअर खाली टाकतो आणि पुढे जातो. सहा गिअर त्यासाठीच दिलेले आहेत. आपण सांगता त्या मॅनिफोल्डबद्दल एक स्पष्ट प्रश्न विचारतो: त्यातील धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर शाबूत आहे का? जर्मनीत धूर किंवा आवाज बिघडवणारा बदल मंजुरीशिवाय केला, तर गाडीचा रस्त्यावर चालण्याचा परवानाच रद्दबातल होतो. सुट्या भागाबरोबर त्याचे मान्यतापत्र लागते आणि अनेकदा तो बसवल्यावर तपासनीसाकडे जाऊन नोंदही करून घ्यावी लागते.

फ्रेमॉन्टवासी

नाही, शाबूत नाही. दर दोन वर्षांनी धूरतपासणीच्या आधीच्या शनिवारी मी जुना मॅनिफोल्ड परत बसवतो आणि नंतर पुन्हा उतरवतो. हे समर्थनीय नाही, याची मला कल्पना आहे. पण खळगा भरल्याचा फायदा त्यामुळे खोटा ठरत नाही, आणि नूर्बुर्गरिंगवर जाणाऱ्याने मला रस्त्यावरील संयम शिकवावा हेही थोडे गमतीचे आहे.

कॉव्हेन्ट्रीतील नाशिककर

इंजिनावर आपण सगळे इतके बोललो, पण मूळ मुद्द्यातले टायर कोणाच्याच डोळ्यांत खुपले नाहीत, याचे मला आश्चर्य वाटते. मी ही गाडी चार वर्षे काहीही न बदलता चालवली. तिला कारखान्यातून २१५ मिलिमीटर रुंदीचे, मिशेलिन प्रायमसी जातीचे, म्हणजे टोयोटाच्या प्रियससारख्या घरगुती गाडीला शोभणारे टायर आले होते, आणि तो काटकसरीचा निर्णय नव्हता. पकड मुद्दाम बेताची ठेवल्यामुळे साध्या चौकातही, ताशी ४० च्या आतबाहेर, मागची बाजू हळूच सरकू लागते, ती कधी सुटणार हे बसल्या जागी आधी कळते आणि स्टिअरिंग थोडे उलट देऊन तिला सांभाळता येते.

स्टुटगार्टकर, तुम्ही जास्त पकडीचे टायर घातलेत, म्हणजे तीच मर्यादा तुम्ही अशा वेगावर नेऊन ठेवलीत जिथे चूक महागात पडते. शिवाय घट्ट पकडीच्या गाडीत २०० अश्वशक्ती कमी वाटू लागतात. फ्रेमॉन्टवासींना जो खळगा इतका बोचतो, तो त्यांच्याही टायरमुळे अधिक बोचत असावा अशी मला शंका आहे. इंजिनाला हात न लावल्याचा अभिमान तुम्ही बाळगता, पण तुमच्या बदलाने गाडीचा स्वभाव त्यांच्या रीमॅपपेक्षा जास्त बदलला आहे.

फ्रेमॉन्टवासी

माझे मागचे टायर २४५ चे आहेत. शंका बरोबर आहे.

हडपसरचा गॅरेजवाला

नाशिककर ताईंचे म्हणणे पटले, पण अर्धेच. पावसात महामार्गावर अचानक थांबायची वेळ आली की मजेदार सरकण्यापेक्षा पकड हवी असते. रस्त्यावर मी चांगल्या टायरच्याच बाजूने उभा राहीन.

कॉव्हेन्ट्रीतील नाशिककर

ओल्या रस्त्यासाठी चांगला टायर आणि ट्रॅकसाठी चिकट टायर या दोन वेगळ्या वस्तू आहेत. ट्रॅकच्या टायरला खाचा कमी असल्यामुळे साचलेल्या पाण्यावर तो उलट लवकर तरंगतो. स्टुटगार्टकरांनी यांपैकी कोणते घेतले, ते त्यांनी सांगितलेले नाही.

स्टुटगार्टकर

ट्रॅकचे घेतले आहेत, आणि गेल्या सप्टेंबरच्या पावसात त्यांनी मला एकदा घाबरवलेही होते. ते मी वर लिहिले नाही, कारण ते माझ्या मुद्द्याला सोयीचे नव्हते. मूळचे टायर तळघरात पडून आहेत, पण इतक्या वर्षांनी त्यांचे रबर कडक झाले असणार, त्यामुळे ते चढवण्यात अर्थ नाही. एप्रिलमध्ये हिवाळी टायर उतरवताना त्याच २१५ मापाचे साधे उन्हाळी टायर नवे घेईन आणि एक हंगाम तसाच काढून पाहीन. ब्रेकचे पॅड मात्र काढणार नाही.