आर्सेनल ०-२ ॲस्टन विला: २०२३-२४ ची लीग त्याच रविवारी गेली का?

(इंग्लंडच्या प्रीमियर लीगवरचा, आर्सेनलच्या बाजूच्या लोकांचा ऑनलाइन चर्चेचा धागा. प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

गोलफरक

१४ एप्रिल २०२४, आर्सेनलचं घरचं मैदान एमिरेट्स. ८४व्या मिनिटाला लिऑन बेली, ८७व्या मिनिटाला ऑली वॉटकिन्स, खेळ खलास. त्याच दुपारी लिव्हरपूल ॲनफिल्डवर क्रिस्टल पॅलेसकडून ०-१ हरलं होतं आणि आर्सेनलचा सामना सुरू होण्याआधीच तो निकाल लागला होता. आदल्या दिवशी मँचेस्टर सिटीने लूटनला ५-१ चोपून ७३ गुण केले होते. आर्सेनलचे ७१. जिंकले असते तर ७४, पहिला नंबर आणि सहा सामने हातात. मे महिन्यात हिशेब लागला तेव्हा सिटी ९१, आर्सेनल ८९.

माझं म्हणणं सरळ आहे. लीग याच सामन्यात गेली, आणि ती नशिबाने नाही, संघनिवडीने गेली. जेझूस स्ट्रायकर, हॅवर्ट्झ मधल्या फळीत डावीकडे, लेफ्ट-बॅकला झिन्चेन्को. आठवडाभर आधी ब्रायटनला त्यांच्या घरी ३-० हरवलं तेव्हा हॅवर्ट्झ पुढे होता. नऊ दिवसांनी चेल्सीला ५-० हरवलं तेव्हाही हॅवर्ट्झ पुढेच, थॉमस पार्टी सहा नंबरला म्हणजे बचावफळीच्या लगेच पुढे, राईस डावा आठ म्हणजे मधल्या फळीत डावीकडे. दोन्हीकडे जमलेली गोष्ट मधल्याच सामन्यात मोडायचं कारण काय?

सहा नंबर

निकाल बघून संघनिवडीला नावं ठेवणं सोपं आहे. पहिली ४५ मिनिटं पुन्हा बघा. याच अकरा जणांनी विलाला त्यांच्या बॉक्समध्ये कोंडलं होतं. ट्रोसार्डला अगदी जवळून गोल करायची संधी मिळाली आणि विलाचा गोलकीपर एमी मार्टिनेझने अडवली. तो गेला असता तर ही निवड धाडसी ठरली असती आणि हा धागा निघालाच नसता.

पार्टीचं म्हणाल तर त्या मोसमाचा मोठा भाग तो दुखापतीने बाहेर होता. ३ एप्रिलला लूटनविरुद्ध सुरुवातीपासून खेळला हे खरं, पण मागे बसून राहिलेल्या लूटनसमोर खेळणं वेगळं आणि विलाचा प्रशिक्षक एमरी याच्या संघाविरुद्ध मैदानभर धावणं वेगळं. खरा सामना दुसऱ्या अर्धात हरलो, आणि त्याचं श्रेय विलाला द्यायला हवं.

डावी बगल

श्रेय द्यायचंच तर कशाचं ते नीट लिहू या, कारण एमरीची पद्धत त्या मोसमात लपलेली नव्हती. मार्टिनेझ चेंडू पायाखाली धरून थांबतो. समोरचा स्ट्रायकर अंगावर आला की शेजारी सेंटर-बॅक पाउ टोरेसला पास. टोरेसवर दुसरा धावला की मध्ये मॅकगिन किंवा टीलमन्स मोकळा होतो. त्यांचे बाजूचे खेळाडू रेषेला चिकटत नाहीत, आत येऊन प्रतिस्पर्ध्याच्या मधल्या फळीच्या पाठीमागे उभे राहतात. म्हणजे तुम्ही प्रेसला, म्हणजे चेंडू हिसकावायला अंगावर, सहा माणसं पाठवलीत की एका सरळ पासमध्ये ती सहाच्या सहा बाद.

याला उत्तरं दोनच. एकतर पूर्ण प्रेस करा, प्रत्येकाला आपला माणूस, आणि मागे आपल्या सेंटर-बॅक सालिबा-गॅब्रिएलला मोठ्या जागेत एकास एक सोडा. नाहीतर प्रेस सोडा, मध्यरेषेपाशी दोन ओळी लावा आणि टोरेसला चेंडू घेऊन पुढे येऊ द्या. पहिल्या अर्धात आर्सेनलने पहिलं उत्तर निवडलं आणि ते चाललं. दुसऱ्या अर्धात पाय जड झाले. पुढचे दोघे अंगावर जात राहिले, मधले दहा पावलं मागे राहिले. हे दोन्हींतलं काहीच नाही. असा अर्धवट प्रेस विलाला हवाच असतो. त्यांनी चेंडू ठेवला, आर्सेनलचे शॉट आटले आणि टीलमन्सचा फटका गोलच्या चौकटीवर आदळला तेव्हाच धोक्याची घंटा वाजली होती.

नॉर्थ बँक

पाय जड झाले ही सबब मला मान्य नाही. आर्सेनल युरोपातल्या स्पर्धेत बायर्नशी २-२ खेळलं मंगळवारी, ९ तारखेला. विलाही युरोपातच लीलविरुद्ध खेळलं गुरुवारी, ११ तारखेला. म्हणजे आपल्याला पाच दिवस, त्यांना तीन. दमायला हवं होतं ते त्यांनी!

डावी बगल

दिवस मोजून थकवा कळत नाही, मिनिटं मोजावी लागतात. सालिबा त्या मोसमात लीगचं एकूण एक मिनिट खेळला, ३८ सामने. राईस, ओडेगार्ड, साका यांनाही विश्रांती जवळपास नाहीच. टिंबर पहिल्याच सामन्यात गुडघा गमावून बसला, त्यामुळे लेफ्ट-बॅकला झिन्चेन्को, किव्हिओर, तोमियासू अशी फिरती खुर्ची. बायर्नविरुद्ध किव्हिओरला हाफ-टाइमलाच काढावं लागलं आणि झिन्चेन्को आला. रविवारी झिन्चेन्कोला सुरुवातीपासून खेळवण्यामागे हे कारण होतं, हौस नव्हती.

लांबचा खांब

झिन्चेन्कोचा विषय निघालाच आहे तर मुळाशी जाऊ. त्या मोसमात तो खेळायचा तेव्हा चेंडू आपल्याकडे असताना तो आत येऊन राईसच्या शेजारी उभा राहायचा. मागे व्हाइट, सालिबा, गॅब्रिएल असे तीन, पुढे राईस आणि झिन्चेन्को असे दोन. ही ३-२ रचना म्हणजे हल्ला चालू असतानाच केलेली बचावाची तयारी. चेंडू गेला की हे पाच जण पहिल्या चार-पाच सेकंदांत तो परत मिळवतात किंवा निदान प्रतिहल्ला मंदावतात.

मोडते कुठे ते सांगतो. चेंडू गेला आणि तो लगेच परत मिळाला नाही, की झिन्चेन्कोला मधून स्वतःच्या बगलेत उलट धावत जायचं असतं, तीस-चाळीस मीटर, आणि वेग ही त्याची ताकद नाही. तो पोचेपर्यंत गॅब्रिएल बाहेर ओढला जातो. गॅब्रिएल गेला की सालिबा सरकतो, आणि दोघांमध्ये वॉटकिन्ससारख्याला पळायला गल्ली मिळते. पहिल्या अर्धाच्या अखेरीस वॉटकिन्सने खांबाला चेंडू मारला, तेव्हाच हे दुरुस्त व्हायला हवं होतं. सामना ०-० असताना, हाफ-टाइमला.

आता बेलीचा गोल बघा. डीन्याने विलाच्या डावीकडून चेंडू खालून, वेगाने, गोलकीपर आणि बचावपटू यांच्या मधल्या पट्ट्यात मारला. या पट्ट्यातला चेंडू गोलकीपरला पकडता येत नाही आणि बचावपटूला आपल्याच गोलकडे तोंड करून मारावा लागतो, म्हणून दोघंही बिचकतात. तो सगळ्यांना चुकवून लांबच्या खांबापाशी गेला आणि तिथे बेली मोकळा. क्रॉस अडवता आला नाही, होतं असं. पण लांबच्या खांबावरचा माणूस चेंडूकडे बघत न बसता आधी मागे कोण आहे ते बघतो. शाळकरी संघालाही पहिल्या महिन्यात शिकवतात ते हे. अशा गोलने लीग जावी याचं फार वाईट वाटतं.

सहा नंबर

लांबचा खांब, तुमचं विश्लेषण पटलं. पण त्यातून 'झिन्चेन्को नको होता' एवढंच निघतं. 'हॅवर्ट्झ पुढे हवा होता' हे गोलफरक यांचं म्हणणं त्यातून सिद्ध होत नाही.

गोलफरक

होतं. प्रेस चुकायला लागला की चेंडू जिंकून तो टिकवायला पुढे एक उंच माणूस लागतो. आपला गोलकीपर रायाने लांब मारलेला चेंडू हॅवर्ट्झ छातीवर घेतो, निदान हवेत भांडतो, आणि तेवढ्या वेळात बाकीचे वीस मीटर पुढे सरकतात. जेझूस चेंडू मागायला मागे येतो. तो चांगला खेळाडू आहे, पण पुढे कोणी उरत नाही आणि विलाची बचावफळी निवांत वर चढते. दुसऱ्या अर्धात आर्सेनल स्वतःच्या भागात अडकलं ते यामुळे. मग राईस आणि हॅवर्ट्झ मध्ये धावून धावून दमले, आणि प्रेस आणखी सैल झाला. एकातून दुसरं निघत गेलं.

अकराव्वा

सगळे डावपेचांवर घसरलात, पण ८०व्या मिनिटाचा निर्णय कोणीच तपासत नाहीये. ०-० आहे. बरोबरीत ७२ गुण, सिटी ७३. जिंकलं तर ७४, हरलं तर ७१. म्हणजे जिंकण्याने दोन गुण वाढतात, हरण्याने एकच जातो. सामना मोकळा केल्याने जिंकण्याची शक्यता जेवढी वाढते तिच्या दुपटीपेक्षा हरण्याची शक्यता कमी वाढत असेल, तर मोकळं खेळणंच योग्य. सिटी एप्रिल-मे महिन्यात गुण सांडत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. ३१ मार्चला आर्सेनलशी ०-० झाल्यावर त्यांनी उरलेले नऊच्या नऊ सामने जिंकले. म्हणजे विलाशी बरोबरी झाली असती तरी ९० आणि दुसरा नंबरच. त्या दहा मिनिटांत जुगार खेळला याबद्दल मी संघाला दोष देणार नाही.

लांबचा खांब

जुगाराला विरोध नाही, बेशिस्तीला आहे. शेवटच्या टप्प्यात ओडेगार्ड बाहेर गेला. तो चेंडूवर नसतानाही प्रेस कुठून सुरू करायचा ते हात करून सांगत असतो. तो गेल्यावर वेग ठरवणारं कोणी उरलं नाही. मोकळं खेळायचं तर पुढे सहा पाठवा, पण मागे चार पक्के ठेवा: दोन सेंटर-बॅक, एक फुल-बॅक, आणि राईस त्यांच्या पुढे, जागा न सोडता. दुसऱ्या गोलला वॉटकिन्स केवढ्या मोकळ्या जागेत पळाला आणि रायाच्या वरून किती निवांत चेंडू उचलला ते बघा. तेव्हा ०-१ होतं आणि किमान तीन मिनिटं बाकी होती. बरोबरीसाठी ती पुरतात, पण आधी चेंडू आपल्याकडे हवा.

डिसेंबरवाला

या सगळ्या चर्चेत पायाच चुकलाय. एका सामन्यावर लीग टाकायची तर हाच का?

२०२४ मध्ये आर्सेनल लीगचे १८ सामने खेळलं: १६ विजय, १ बरोबरी, १ पराभव. ५४ पैकी ४९ गुण. यात कसली मोडतोड? विलानंतरचे सहाही सामने जिंकले, त्यात टॉटनहॅमच्या घरी ३-२ आणि ओल्ड ट्रॅफर्डवर १-० आहेत. खड्डा पडला तो डिसेंबरात. नाताळच्या दिवशी पहिल्या नंबरावर असलेला संघ ९ ते ३१ डिसेंबरच्या पाच सामन्यांत १५ पैकी ४ गुण मिळवतो: विला ०-१, ब्रायटन २-०, लिव्हरपूल १-१, वेस्ट हॅम ०-२, फुलम १-२. घरच्या मैदानावरचा पराभव म्हणाल तर २८ डिसेंबरचा वेस्ट हॅमचाही तेवढाच महाग होता. तीस शॉट मारून शून्य गोल, आणि दुसरा गोल कॉर्नरवर माव्रोपानोसचा, जो आपलाच जुना खेळाडू.

आणि आता हे बघा. मोसमाअखेर आर्सेनल आणि सिटी दोघांचाही गोलफरक (केलेले गोल वजा खाल्लेले) +६२ होता. गुण सारखे झाले की प्रीमियर लीगमध्ये आधी गोलफरक बघतात. म्हणजे आर्सेनलने सिटी सोडून कोणाशीही झालेली एकच बरोबरी जिंकली असती, तर ९१-९१ आणि गोलफरक +६३ विरुद्ध +६२. चषक लंडनला! २६ ऑगस्टला फुलमशी घरी २-२ झालं ते आठवा. पहिल्याच मिनिटात साकाच्या चुकलेल्या पासवर गोल खाल्ला. पुढे २-१ केलं, ८३व्या मिनिटाला फुलमच्या बॅसीला लाल कार्ड, समोर दहाच जण, आणि ८७व्या मिनिटाला पालिन्याचा गोल. पुढच्या महिन्यात टॉटनहॅमशी २-१ केल्यावर मिनिटाभरातच आपल्या जोर्जिन्योने चेंडू गमावला आणि टॉटनहॅमच्या सोनने बरोबरी केली. ऑगस्टचा गुण आणि एप्रिलचा गुण तक्त्यात सारखाच मोजला जातो.

गोलफरक

तक्त्यात सारखा, पण ऑगस्टमध्ये चूक भरून काढायला ३५ सामने असतात. एप्रिलमध्ये सहा, आणि समोर सिटी. शिवाय ऑगस्टमध्ये आर्सेनल नवी मांडणी बसवत होतं. राईस आणि हॅवर्ट्झ नवे, टिंबर नुकताच गेलेला. एप्रिलपर्यंत संघाला स्वतःचं उत्तर सापडलं होतं. सापडलेलं उत्तर सोडून देणं ही जास्त मोठी चूक आहे, मी एवढंच म्हणतोय.

डिसेंबरवाला

सहा सामने उरले होते आणि सहाही जिंकले. भरून काढायचं तेवढं आर्सेनलने काढलं, सिटीनेच काही सोडलं नाही. १४ मेला टॉटनहॅमच्या मैदानावर सोन एकटा सिटीचा गोलकीपर ऑर्टेगासमोर होता, टॉटनहॅम ०-१ मागे असताना. तो गोल गेला असता आणि सामना तसाच सुटला असता, तर शेवटच्या रविवारी आर्सेनल पुढे असतं आणि विलाच्या सामन्याची आठवण कोणी काढली नसती.

नॉर्थ बँक

कोणी नाही? २०२३ मध्ये १४ मे रोजी ब्रायटनकडून घरी ०-३, त्याआधी तळाच्या साउथॅम्प्टनशी घरी ३-३. २०२४ मध्ये विला. २०२५ च्या फेब्रुवारीत वेस्ट हॅमकडून घरी ०-१. शर्यत ऐन रंगात आली की हा संघ घरच्या मैदानावरच अडखळतो. लंडनभर प्रवास करून येणारे लोक पहिली वीस मिनिटं गर्जत असतात, ६०व्या मिनिटानंतर ०-० असेल तर प्रत्येक मागच्या पासवर कुजबुज सुरू होते. खेळाडूंना ते ऐकू जातं. मग सालिबा सुरक्षित पास सोडून घाईचा उभा पास शोधतो, आणि चेंडू विलाकडे.

डावी बगल

कुजबुजीचं मान्य, पण तुम्ही दिलेल्या सामन्यांची कारणं वेगवेगळी आहेत. ब्रायटनच्या वेळी सालिबा जायबंदी होता. वेस्ट हॅमच्या वेळी एकही स्ट्रायकर शाबूत नव्हता, मेरिनो पुढे खेळत होता, आणि लुईस-स्केलीला लाल कार्ड मिळालं. विलाच्या वेळी दोन्ही सेंटर-बॅक हजर, अकराही जण मैदानात. म्हणून तर दुसऱ्या अर्धातला तो सैल प्रेस जास्त खुपतो.

लांबचा खांब

आणि लेफ्ट-बॅक. मोसमाच्या शेवटच्या टप्प्यात तिथे तोमियासू आला, आत न येता जागेवर राहिला, मागे चार पक्के झाले. एव्हर्टनविरुद्ध शेवटच्या दिवशी बरोबरीचा गोलही त्यानेच केला. तो १४ एप्रिलला सुरुवातीपासून का नव्हता, याचं उत्तर गोलफरक किंवा सहा नंबर यांच्याकडे असेल तर लिहा. फिटनेस एवढंच कारण असेल तर ६०व्या मिनिटाला तरी त्याला आणून डावी बाजू बंद करता आली असती का, यावर मला वाचायचंय.