पाळणाघराची फी कमी पगाराच्या पालकांना परवडेल अशी कशी बसवायची?

पाळीवाला:
चार-पाच लहान आस्थापना मिळून कामगारांच्या मुलांसाठी पाळणाघर काढायचं चाललंय. 6 महिने ते 5 वर्षांची 24 मुलं, आठवड्याचे 5 दिवस, सकाळी 8 ते संध्याकाळी 6. हिशोब मांडला की फी ज्यांना सर्वात जास्त गरज आहे त्यांच्याच आवाक्याबाहेर जाते. मुलांकडे बघणारी माणसं कमी करायची नाहीत. मग कुठे वाचवायचं?

ताळेबंद:
माणसं कमी करायची नाहीत हे पक्कं ठेवा. खर्चाचा मोठा वाटा पगारांचाच असतो.

आधी वयोगट वेगळे मांडा. 2 वर्षांखालची 6 मुलं असतील तर तिघांमागे एक म्हणून 2 ताई. 2 ते 3 वयाची 8, पाचांमागे एक धरली तरी 2. त्यापुढच्या 10 जणांना 1. एका वेळी 5 जणी झाल्या. पण पाळणाघर आठवड्याला 50 तास उघडं आणि एका ताईची ड्यूटी 40 तासांची. त्यातून जेवणाची सुट्टी आणि रजा वजा केल्या की एका जागेला जवळपास दीड माणूस लागतो. म्हणजे 7-8 पगार. 5 च पगार धरून फी ठरवली, की पहिली ताई आजारी पडताच बदलीला कोणी नसतं आणि सगळं कोलमडतं.

बचत वेळापत्रकात आहे. प्रत्येक मूल किती वाजता येतं-जातं ते दोन आठवडे पाव-पाव तासाच्या रकान्यांत लिहा. पहिल्या आणि शेवटच्या तासाला 3 ताई पुरत असतील तर आठवड्याला 20 तास वाचतात. मात्र एकच मूल असलं तरी दोन मोठी माणसं हवीतच.

आणि अंदाजपत्रक 24 वर नको, 20 भरलेल्या जागांवर करा.

अंगणझोका:
तान्ह्यांची फी खऱ्या खर्चाइतकी लावू नका. एक पगार तिथे तिघांत वाटला जातो, मोठ्यांत दहांत. खरा खर्च मागितलात तर बाळंतपणाच्या रजेवरून परतणारी आईच नोकरी सोडेल. मोठ्या मुलांच्या फीतून तान्ह्यांचा भार उचलला जातो, म्हणून 3 वर्षांची मुलं बालवाडीत गेली की गळणार नाहीत हे पाहा. दुपारी त्यांना आणायची सोय करा.

फी कुटुंबाच्या उत्पन्नाच्या टक्क्यात घ्या, उरलेलं प्रत्येक आस्थापनेने आपल्या कामगारांच्या मुलांसाठी जेवढ्या जागा राखून ठेवल्यात त्याप्रमाणे भरावं. हजेरीवर पैसे ठेवले तर तापाच्या साथीत पाळणाघर बुडतं. पगार तर तेवढेच द्यावे लागतात.

एक गोष्ट कळकळीने सांगते: आस्थापनांची वर्गणी फक्त त्यांच्याकडच्या बायकांच्या संख्येवर लावू नका, नाहीतर बाईला कामावर घेणंच महाग वाटू लागतं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 1981 चा करार क्र. 156 कौटुंबिक जबाबदाऱ्या असलेल्या स्त्री-पुरुष दोघांनाही लागू आहे.

पाळीवाला:
दुपारच्या पाळीचे पालकही आहेत. वेळ रात्रीपर्यंत वाढवावी का?

ताळेबंद:
किमान 4-5 मुलं ठरलेली असतील तरच. सकाळच्या आणि दुपारच्या पाळीची दोन मुलं एकच जागा वाटून घेऊ शकतात. पण अदलाबदलीच्या अर्ध्या तासात दोघंही हजर असतात, तेव्हा ताईंची संख्या दोघांना धरून ठेवा.

अंगणझोका:
दूध पिणाऱ्यांसाठी जागा कामाजवळ हवी. आईचं काढून आणलेलं ताजं दूध 25 अंशांपर्यंतच्या खोलीत 4 तास, फ्रिजमध्ये 4 दिवस टिकतं. बाटलीवर नाव, तारीख, वेळ. बाळाने उष्टं सोडलेलं 2 तासांनंतर ओतून द्या. लंगोट बदलायची जागा आणि तिथलं बेसिन स्वयंपाकापासून वेगळं हवं. त्यात काटकसर नको.