मदत हवी आहे: तुटलेल्या पोलादावरील खुणा स्फोटाच्या की शॉट ब्लास्टिंगच्या, हे कसे ओळखावे?

नमस्कार. धातूंच्या तपासणीचा प्रत्यक्ष अनुभव असलेल्या सदस्यांकडून मार्गदर्शन हवे आहे.

28 सप्टेंबर 1994 रोजी 'एस्टोनिया' ही फेरीबोट बाल्टिक समुद्रात बुडून 852 जण मृत्युमुखी पडले. अधिकृत चौकशीत जहाजाच्या पुढच्या टोकाकडील (नाळेकडील) वर उचलल्या जाणाऱ्या दाराची कुलपे तुटल्याचा निष्कर्ष निघाला. मात्र पुढे 2000 साली खासगी मोहिमेतील पाणबुड्यांनी कापून आणलेल्या पोलादाच्या तुकड्यांत काही प्रयोगशाळांना स्फोटाच्या खुणा दिसल्या, तर बर्लिनच्या बीएएम या साहित्य-चाचणी संस्थेने जहाजबांधणीच्या वेळी पत्रा साफ करण्यासाठी केलेल्या शॉट ब्लास्टिंगनेही (बारीक छऱ्यांचा वेगाने मारा) तशाच खुणा उमटतात, असे दाखवले.

माझी अडचण नेमकी इथे आहे. नमुना पॉलिश करून नायटॉलने (अल्कोहोलमधील नायट्रिक आम्ल) एच केला, म्हणजे किंचित कोरला, की सूक्ष्मदर्शकाखाली फेराइटच्या (पोलादातील जवळजवळ शुद्ध लोहाच्या) कणांत बारीक, सरळ, समांतर रेषा दिसतात आणि त्या कणाच्या सीमेशी थांबतात; हे यांत्रिक ट्विन, म्हणजे भारामुळे कणातील स्फटिकरचना आरशातल्या प्रतिबिंबासारखी उलटलेले पट्टे. सामान्य तापमानाला सावकाश ताणलेल्या सौम्य पोलादात ते सहसा आढळत नाहीत, कारण तिथे धातू घसरणीने (अणूंचे थर एकमेकांवरून सरकून) वाकतो. भार अत्यंत वेगाने आला किंवा थंडी कडाक्याची असली, तरच ते तयार होतात. (उल्कांच्या लोखंडातही अशाच ट्विनच्या रेषा (नॉयमान रेषा) सापडतात आणि तिथे कोणी सुरुंग लावलेला नसतो!) त्यामुळे नुसते ट्विन दिसणे हा स्फोटाचा पुरावा मानणे मला घाईचे वाटते.

छऱ्यांच्या माऱ्याने झालेले ट्विन पृष्ठभागालगतच्या पातळ थरापुरते असतात आणि स्फोटाची आघातलहर जाड पत्र्यातही खोलवर जाते, एवढे तत्त्व मला पटते. पण प्रत्यक्ष छेद पाहताना ट्विन किती खोलवर दिसले म्हणजे छऱ्यांची शक्यता बाद धरावी? खोलीनुसार सूक्ष्मकठिणता (अगदी लहान जागेतील धातूचा कठीणपणा) मोजल्याने हा फरक अधिक स्पष्ट होतो का?

दुसरा प्रश्न खुद्द तुटलेल्या पृष्ठभागाविषयी आहे. जवळच्या स्फोटात तप्त वायूंमुळे स्फोटकाकडील बाजूला बारीक खड्डे पडतात, तर आघातलहर पत्र्याच्या मागील बाजूवरून परतताना ताण निर्माण होऊन तिथली खपली सुटू शकते. वर्षानुवर्षे खाऱ्या पाण्यात राहिलेल्या तुकड्यावरील हे खड्डे गंजाच्या खड्ड्यांपासून वेगळे ओळखता येतात का, की अशा वेळी पृष्ठभाग सोडून केवळ आतल्या रचनेवरच विसंबावे?